यादीबाहेरचे प्राणी



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते नामांकित वकील होते, आणि मी पडलो पशुवैद्यक. उभी नोकरी लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि कोंबड्यांची मानमोडी यांच्या मागे गेली. कायदा माझ्या वाट्याला आला तो पंचनाम्यापुरता आणि कोर्टातल्या साक्षीपुरता. तरीही आज विषय कायद्याचाच घेतला आहे. जंगली प्राण्यांचा व्यापार आणि त्यातून माणसांत शिरणारी साथ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा मी बरीच वर्षं शोधतो आहे. जे सापडलं आणि जे सापडलं नाही, ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात चीनमधून करू. मे 2017 ते नोव्हेंबर 2019 या काळात संशोधकांचं एक पथक वूहान शहरातल्या चार बाजारांतली 17 दुकानं दर महिन्याला पाहत होतं. ही जिवंत जंगली प्राणी विकणारी दुकानं. पथकाला शोध घ्यायचा होता गोचिडीमार्फत पसरणाऱ्या एका तापाचा; करोना तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुढे वूहानचं नाव जगभर झालं आणि या नोंदींना आपोआप मोल आलं. जून 2021 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. अडीच वर्षांत 38 जातींचे 47,381 प्राणी त्या दुकानांतून विकले गेले होते. त्यांत रकून डॉग नावाचे कोल्ह्यासारखे प्राणी होते, उदमांजरं होती, बांबू-उंदीर आणि साळिंदरं होती, सापही होते. पिंजऱ्यावर पिंजरा रचलेला, वरच्याची घाण खालच्याच्या अंगावर, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की जागेवरच कापून देण्याची सोय. तपासलेल्या सस्तन प्राण्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांच्या अंगावर गोळीच्या किंवा सापळ्याच्या जखमा होत्या. म्हणजे ते फार्मवर वाढलेले नव्हते, रानातून धरून आणलेले होते. वटवाघूळ मात्र एकही नव्हतं, खवले मांजरही नव्हतं. नंतर साऱ्या जगाने शिव्या दिल्या त्या नेमक्या या दोघांना.

या नोंदींतली एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 17 पैकी 13 दुकानांच्या भिंतीवर वनखात्याचा परवाना ठळकपणे लावलेला होता. प्राणी कुठून आला याचा दाखला आणि रोगतपासणीचा दाखला मात्र एकाही दुकानात नव्हता. कायद्याने हे दोन्ही कागद सक्तीचे होते. एक खातं परवाना देऊन मोकळं झालं आणि दुसरं खातं तिकडे फिरकलंच नाही. नोकरी सरकारी केलेली असल्याने मला याचं आश्चर्य वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

करोनाचा विषाणू प्राण्यांच्या बाजारातून आला की आणखी कुठून, हा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून 2025 मध्ये अहवाल दिला. उपलब्ध पुराव्याचं पारडं प्राण्यांकडे झुकतं, पण चीनने मागितलेली माहिती न दिल्यामुळे दुसऱ्या शक्यता बाद करता येत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मला त्या वादात शिरायचं नाही, आणि आजच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. सार्सच्या साथीचं उदाहरण पुरेसं आहे.

सार्सची पहिली नोंद नोव्हेंबर 2002 मधली, ग्वांगडोंग प्रांतातली. साथ विझेपर्यंत जगभरात 8,098 रुग्ण आणि 774 मृत्यू. मे 2003 मध्ये शेनझेनच्या बाजारातल्या उदमांजरांत जवळजवळ तोच विषाणू सापडला. ग्वांगडोंगमधल्या व्यापाऱ्यांचं रक्त तपासलं, तर जंगली प्राणी विकणाऱ्यांपैकी 13 टक्के लोकांत या विषाणूची प्रतिपिंडं मिळाली. जे प्रामुख्याने उदमांजरं विकत होते त्यांच्यात हे प्रमाण 72.7 टक्के निघालं. आणि यांतल्या कुणालाही सार्स झाल्याचं निदान झालेलं नव्हतं. बाजारात विषाणूची ये-जा चालू होती आणि ती कुणी मोजत नव्हतं, एवढाच याचा अर्थ. विषाणूचं मूळ घर हॉर्सशू जातीची वटवाघळं, हे 2005 साली कळलं. उदमांजर हा वाटेतला मुक्काम होता.

मग सरकारने काय केलं? 2003 च्या वसंतात व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 54 जातींची यादी काढून फार्मवर वाढवलेल्या प्राण्यांचा व्यापार पुन्हा खुला केला. यादीत उदमांजर होतं. डिसेंबर-जानेवारीत ग्वांगजौ शहरात सार्सचे नवे रुग्ण आले. त्यांतली एक मुलगी उदमांजराचं मांस देणाऱ्या हॉटेलात वाढपी होती. सुदैवाने सगळे वाचले. जानेवारी 2004 मध्ये ग्वांगडोंगने सुमारे 10,000 उदमांजरं मारून टाकली. चार-पाच महिन्यांपूर्वी ज्या प्राण्याला परवाना दिला त्याचीच ही कत्तल.

हे गाढवपणातून झालं असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते ते कायद्याच्या घडणीतून झालं. चीनचा वन्यजीव संरक्षण कायदा 1988 चा, मार्च 1989 पासून लागू. संरक्षण वाढवा, पैदास जोमाने करा आणि वाजवी वापर करा, असं तिहेरी धोरण त्यात लिहिलेलं होतं. गरीब शेतकऱ्याला जोडधंदा मिळेल आणि फार्मवर पैदास झाली की रानातल्या प्राण्यांवरचा ताण कमी होईल, असा हिशेब होता. तो अगदीच चूक नव्हता. 2017 च्या एका सरकारी पाहणीनुसार या उद्योगाची उलाढाल 520 अब्ज युआन होती आणि त्यावर 1 कोटी 40 लाख लोकांचा रोजगार उभा होता. त्यातला मोठा वाटा फरचा, त्याखालोखाल खाण्याचा. या कायद्याने प्रत्येक प्राण्याबद्दल एकच गोष्ट पाहिली: हा दुर्मीळ आहे का? दुर्मीळ असेल तर हात लावायचा नाही, मुबलक असेल तर विका. उदमांजर मुबलक होतं. त्याच्या नाकात काय आहे हे पाहण्याचं काम या कायद्याचं नव्हतंच.

आणि हा दोष एकट्या चीनचा नाही. जंगली प्राण्यांच्या व्यापारावरचा जगातला सर्वांत मोठा करार म्हणजे 1973 चा सायटिस. त्याच्या परिशिष्टांत प्राणी बसतो तो मुख्यतः व्यापारामुळे नामशेष होण्याच्या भीतीवरून. साथरोग हा त्याचा विषयच नाही.

खरा धोका जातीत किती आणि व्यापाराच्या पद्धतीत किती, हे सांगणारं एक काम व्हिएतनाममध्ये झालं. मेकाँगच्या खोऱ्यात भातशेतीतले उंदीर पकडून खातात. आपल्याकडेही काही समाजांत खातात, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. 2013-14 मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये या उंदरांचे नमुने साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर घेतले. व्यापाऱ्याकडच्या उंदरांत करोनागटातले विषाणू 20.7 टक्के, मोठ्या बाजारात 32 टक्के, आणि हॉटेलात कापायला ठेवलेल्या उंदरांत 55.6 टक्के. ते विषाणू माणसाला घातक ठरलेले नव्हते, हेही लगेच सांगायला हवं. पण प्राणी तोच, जात तीच. व्यापाऱ्यापासून ताटापर्यंतच्या प्रवासात बाधा अडीच पटींहून जास्त वाढली. ठिकठिकाणचे उंदीर एका पिंजऱ्यात, उपाशी, भेदरलेले, एकमेकांच्या मलमूत्रात. आठवडी बाजारातून आणलेली शेळी दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळी बांधा, असं आम्ही शेतकऱ्याला वर्षानुवर्षं सांगत आलो ते याच कारणाने. चांगला शेळीपालक हे ऐकतो. कायदा लिहिणाऱ्यांनी मात्र प्राण्यांच्या नावांची यादी केली आणि प्रवास सोडून दिला.

24 फेब्रुवारी 2020 ला चीनने जमिनीवरचे जंगली प्राणी खाण्यावर सरसकट बंदी घातली. फार्मवरचेही त्यात आले. मे महिन्यात पाळीव पशुधनाची 33 नावांची यादी आली. त्या यादीत रकून डॉग, कोल्हा आणि मिंक आहेत, पण खाण्यासाठी नाहीत, फरसाठी. आता मला सांगा, कातडीसाठी वाढवलेल्या रकून डॉगचा श्वास मांसासाठी वाढवलेल्यापेक्षा निराळा असतो का? फर फार्मची दुसरी कथा डेन्मार्कची. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये मिंकमधून बदललेला करोना विषाणू माणसांत आला म्हणून सरकारने देशातले सगळे मिंक मारण्याचा हुकूम काढला. दीड कोटीच्या वर प्राणी. नंतर लक्षात आलं की निरोगी कळप मारण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिलेलाच नव्हता. कृषिमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. घाईघाईत पुरलेले मिंक कुजल्यावर वायूने फुगून जमिनीवर आले, त्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. साथ दारात आल्यावर कायदा शोधायला बसलं की असं होतं.

चीनच्या 2020 च्या निर्णयातला एक भाग मात्र मला मनापासून आवडला, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. बंदीमुळे बुडालेल्या शेतकऱ्यांना काही प्रांतांनी भरपाई दिली. हुनान प्रांताने दरपत्रकच काढलं: बांबू-उंदीर किलोला 75 युआन, नाग किलोला 120 युआन, उदमांजर नगाला 600 युआन. भरपाई पुरेशी नव्हती अशा तक्रारी झाल्या, होणारच. पण धंदा बंद करताना धंदेवाल्याकडे बघायचं असतं एवढं तरी त्या कागदावर उतरलं. डिसेंबर 2022 मध्ये मूळ कायदा सुधारला आणि मे 2023 पासून तो लागू झाला. खाण्यावरची बंदी त्यात आली हे चांगलं. पैदाशीची दारं उघडी राहिली हे वाईट.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. एप्रिल 2003 मध्ये घानाहून टेक्सासला पाळण्यासाठी म्हणून मोठाले आफ्रिकन उंदीर आले. विक्रेत्याकडे ते प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शेजारी ठेवले गेले आणि त्यातून सहा राज्यांत 47 जणांना मंकीपॉक्स झाला. दोन महिन्यांत आफ्रिकेतल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आयातीवर बंदी आली. ती बंदी आजाराच्या कारणाने आली म्हणून मी तिला मान देतो. पण तीही आली एका साथीनंतर, एका खंडातल्या एका गटावर. व्यापक कायद्याचं विधेयक दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मांडलं होतं, ते स्वतंत्र कायदा म्हणून काही पार पडलं नाही.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्याकडचा साथीचा कायदा 1897 चा, आणि तो इथलाच, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. धान्याच्या वखारी असलेला, बंदराला चिकटलेला भाग. 4 फेब्रुवारी 1897 ला कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला हवे ते उपाय करायची मुभा होती, रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी होती, हुकूम मोडला तर शिक्षा होती. पुण्यात त्याचं काय झालं आणि 22 जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या कशा झाडल्या गेल्या ते इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या सगळ्या धुमाकुळात उंदीर कुठेच नव्हता. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 मध्ये दाखवलं. कायदा वर्षभर आधीच होऊन गेला होता. त्यात प्राणी यावा कसा? माफ करण्यासारखं आहे. माफ करता येत नाही ते पुढचं: त्यानंतर सव्वाशे वर्षं गेली, 2020 मध्ये हाच कायदा दुरुस्त झाला, आणि दुरुस्ती होती डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांना शिक्षा देण्याची. तिची गरज होतीच. पण प्राणी अजून बाहेरच आहे.

प्राण्यांचा कायदा म्हणाल तर तो 1972 चा, वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्यात रोगाबद्दल एक कलम आहे, 33अ, पुढच्या दुरुस्तीने घातलेलं. अभयारण्याच्या आत आणि पाच किलोमीटरच्या परिसरात असलेल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करावी, असं ते सांगतं. मी स्वतः अशा शिबिरांत गाई टोचल्या आहेत आणि ते काम मोलाचं आहे. पण दिशा बघा. गाईचा रोग गव्याला होऊ नये, ही काळजी. गव्याकडून, माकडाकडून, रानमांजराकडून माणसाकडे काही येईल, याची नाही. आणि ते येतं. सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग भागात, गोव्यात सत्तरीत माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांनी तो भोगला.

2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, सायटिसमधल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांतून इग्वाना आणि मार्मोसेट माकडं पाळण्याची जी हौस वाढली आहे, तिला प्रथमच सक्तीची नोंदवही लागली. पाऊल चांगलं आहे, पण ते सायटिसच्याच वाटेवरचं आहे. प्रश्न पुन्हा तोच, दुर्मीळ आहे का. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत काय काय निघतं ते वर्तमानपत्रांत येतंच. जून 2025 मध्ये तर डझनावारी विषारी साप निघाले. जिवंत असतील तर असे प्राणी बहुतेक वेळा आले त्या देशात परत धाडले जातात. पकडणारा कस्टमचा शिपाई, बॅग उघडणारा हमाल, रात्रभर प्राणी सांभाळणारा स्वयंसेवक, यांच्यासाठी कायद्यात एक ओळ नाही.

तिसरा कायदा माझ्या खात्याचा, 2009 चा, जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांचा. त्यातला प्राणी म्हणजे गाय, म्हैस, मेंढी, शेळी, याक, मिथुन. कुत्रा, मांजर, डुक्कर, घोडा, उंट, गाढव, खेचर, कोंबड्या आणि मधमाश्या. मधमाशीसुद्धा आहे! उदमांजर नाही, माकड नाही, साळिंदर नाही. म्हणजे असं बघा: एखाद्या गोदामात पिंजऱ्यातलं उदमांजर सापडलं. वनखातं अनुसूची बघेल आणि गुन्हा नोंदवेल. पशुसंवर्धन खातं म्हणेल, हा आमच्या यादीतला नाही. आरोग्य खातं म्हणेल, रुग्ण कुठे आहे? तिघांचंही म्हणणं कायद्याला धरून आहे.

मांडूळ सापाच्या तस्करीचे गुन्हे आपल्या जिल्ह्यांत नित्याचे आहेत. कायद्याच्या भाषेत तो प्राणी मुद्देमाल. पंचनाम्यात लांबी, वजन आणि नग लिहितात. रक्ताचा किंवा विष्ठेचा नमुना घेतल्याचं मी सहसा पाहिलं नाही, आणि पुष्कळदा कोर्टाच्या परवानगीने तो सोडला जातो जवळच्या रानात, तो मूळचा कुठला हे माहीत नसताना. साप साथ आणणार नाही कदाचित. पण पद्धत तीच माकडालाही लागू होते.

अशी मांडणी केली की श्रोते म्हणतात, मग सगळंच बंद करून टाका. इथे मी सावध होतो. आपण एकदा बंद केलेलं आहे. फासेपारधी समाज पिढ्यानपिढ्या फासे लावून तितर, लावे धरायचा आणि विकायचा. 1871 पासून सुरू झालेल्या इंग्रजांच्या कायद्यांनी अनेक पारधी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, 1952 मध्ये तो पुसला गेला असं आपण म्हणतो. मग 1972 मध्ये त्यांचा धंदा परवान्याशिवाय गुन्हा ठरला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचं उरलंसुरलं दारही लागलं. मी शिकारबंदीच्या बाजूचाच माणूस आहे. पण त्या कायद्यात हुनानसारखं दरपत्रक कुठे होतं? लाव्याला अमुक, फाशाला तमुक, नवीन धंद्याला इतकं भांडवल? काही नाही. परिणाम काय झाला, तर रानाची सगळ्यांत बारीक माहिती असलेली माणसं लपून राहायला शिकली. आजारी पडलेला प्राणी, मरून पडलेली माकडं, अचानक कमी झालेले पक्षी हे सर्वांत आधी त्यांना दिसतं. पण गुन्हेगार ठरवलेला माणूस सरकारी दवाखान्यात येऊन सांगेल कशाला?

म्हणून माझ्या मनातल्या कायद्यात बंदी आहे, पण ती जिवंत जंगली सस्तन प्राण्यांच्या बाजारातल्या विक्रीवर. एप्रिल 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि तिच्या सहयोगी संस्थांनी देशोदेशींच्या सरकारांकडे तेवढंच मागितलं होतं. जप्त झालेल्या प्रत्येक सस्तन प्राण्याचा आणि पक्ष्याचा नमुना पंचनाम्यासोबत प्रयोगशाळेत जायला हवा, आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे कलमातच लिहिलेलं हवं, नाहीतर तीन खाती एकमेकांकडे फाइल टोलवत बसतील. प्रयोगशाळेची उणीव आपल्याला तरी सांगता येणार नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा तिनेच शोधल्या. नागपुरात ‘वन हेल्थ’ म्हणजे माणूस आणि प्राणी यांच्या एकत्रित आरोग्याचा विचार करणाऱ्या संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला झाली आहे. आणि पारधी तरुणांना निरीक्षक म्हणून पगार द्यावा, उपकार म्हणून नव्हे, त्यांना ते काम येतं म्हणून.

यातलं बरंचसं राज्याला करता येतं. सार्वजनिक आरोग्य, जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध आणि बाजार हे तिन्ही विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत. वन्यजीव 1976 पासून समवर्ती सूचीत आहेत. केंद्राकडून हवी आहे ती एकच गोष्ट, आणि तिला संसदेत विधेयकही लागत नाही. 2009 च्या कायद्यात मधमाशीनंतर आणखी एक पोटकलम आहे: केंद्र सरकार अधिसूचना काढून इतर कोणताही प्राणी किंवा पक्षी या व्याख्येत घालू शकतं. व्यापारात सापडणारे जंगली प्राणी त्या अधिसूचनेने घालावेत, म्हणजे तालुक्याच्या पशुवैद्यकाला पिंजऱ्याजवळ जायचा अधिकार मिळेल. आज त्याला तो नाही.